दिवाळीच्या पुढची पानं

या अंकासाठी लिहा म्हणून जे सांगायला आले ते भले गृहस्थ आहेत. नगरला माझ्या सावेडीतल्या खोलीत बसून त्यांनी चहा घेतला आणि विषय सांगितला, कष्टानं यश मिळतं. म्हणाले, "मावशी, मुलींच्या वसतिगृहात तुम्ही हयात काढली. किती पोरी शिकल्या, खेळल्या, पुढं गेल्या. तेच लिहा." मी हो म्हटलं. समोरच्याला नाही म्हणायची मला भीती वाटते, आयुष्यभर वाटत आलीय. पण ते गेल्यावर कप विसळताना वाटलं, तसं मी लिहिणार नाही. छापायचं तर हे छापा, नाहीतर राहू द्या.

मी रत्नागिरीकडची, चौथी शिकलेली. पाठची भावंडं सांभाळायला घरी कुणी नव्हतं, म्हणून माझं दप्तर खुंटीला लागलं ते लागलंच. लग्न होऊन पाथर्डीला आले. नवरा बोअरच्या गाडीवर होता. जिथं पाणी नाही तिथं त्याचं काम, म्हणून पाथर्डी. गाडी सारखी बाहेर, आणि मी एकटी त्या उघड्याबोडक्या मुलखात, जिथं झाड बघायचं तर बाभूळ आणि मासळी बघायची तर बाजाराच्या दिवशी सुकी. तेव्हा तिथल्या मुलींच्या वसतिगृहात रेक्टरबाईंनी मला स्वयंपाकाला ठेवून घेतलं आणि मागची खोलीही राहायला दिली. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. त्यांच्याशी माझं भांडण झालं ते पुढं येईलच, पण उपकार ते उपकार.

मला बाजरीची भाकरी येत नव्हती. आमच्याकडं तांदळाची भाकरी, तिची उकड काढतात. बाजरीचं तसं नसतं. पीठ ताजं लागतं. दळून आठवडा झालेलं पीठ धरत नाही, थापताना कडेनं चिरतं. एकदम सगळं भिजवूनही चालत नाही, एकेका भाकरीपुरतं घ्यायचं, कोमट पाण्यानं तळहाताखाली रगडायचं, ते गुळगुळीत झालं की मगच परातीत थापायचं. हे मला कुणी शिकवलं? त्या पोरींनीच. माझी पहिली भाकरी ताटात पडली तेव्हा पाचवीतली एक चिमुरडी म्हणाली, "मावशी, ह्यो नकाशा हाय का?" दुसरी म्हणाली, "व्हय, श्रीलंका." सगळी पंगत खिदळली. मग जेवणं झाल्यावर त्यातल्याच दोघी चुलीशी बसल्या आणि मला हात कसा फिरवायचा ते दाखवलं. पाचवीच्या पोरी, पण भाकरी अशी की चंद्र.

त्यांना ती का येत होती, ते सांगायला हवं. या पोरींचे आईबाप ऊसतोडीला जाणारे. दसरा झाला की मुकादमाच्या टोळ्या निघतात. ट्रकमध्ये भांडी, पालं, कोंबड्या, शेरडं आणि लेकरं. कारखान्याच्या भागात जाऊन पाचटाच्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या, कोप्या उभ्या करायच्या आणि उन्हाळ्यापर्यंत ऊस तोडायचा. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते, डोक्यावर घेते आणि ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढते. आईचे हात असे गुंतलेले, म्हणून धाकटं लेकरू आणि भाकरी दोन्ही थोरल्या पोरीकडं. पोरगी आठ-नऊ वर्षांची झाली की तिची शाळा दिवाळीला संपायची. वसतिगृह होतं ते त्यासाठीच, आईबाप गेले तरी पोरींनी राहावं आणि शिकावं म्हणून.

तरी त्यांना न्यायला यायचे. माझ्या दुसऱ्या वर्षी शकूला न्यायला आले. शकू आठवीत होती आणि इतका अभ्यास करणारी पोरगी मी नंतरही पाहिली नाही. पहाटे मी चूल पेटवायचे तेव्हा ती जाळाच्या उजेडात पुस्तक धरून बसलेली असायची, कारण दिव्यांचा भरवसा नव्हता. धुरानं डोळे लाल, पण पाठांतर चालूच. वर्गात पहिली यायची. त्या दिवाळीत तिची आई आली, कडेवर तान्हं मूल. रेक्टरबाई समजावत होत्या, शकू खांबाला धरून रडत होती आणि मी दारात कणकेच्या हातानं उभी होते. एक शब्द बोलले नाही. पोरगी गेली. तिची ट्रंक काही दिवस आमच्याकडं होती, मग तीही कुणीतरी नेली. शकू पुन्हा आली नाही.

आता मला सांगा, तिचे कष्ट कुठं कमी होते?

पुढं काही वर्षांनी नंदा दहावीत गेली. नंदा अभ्यासात शकूसारखी नव्हती, आणि त्याचं कारण मला तिच्या पुस्तकांवरून कळलं. सहावी-सातवीपर्यंत ती टोळीबरोबर जायची, आठवीत आमच्याकडं आली. येताना जुनी पुस्तकं घेऊन आली होती, पिशवीत बांधून. त्यांची सुरुवातीची पानं तेलकट, चुरगळलेली, फाटून चिकटवलेली. मागची पानं कोरी करकरीत, काही तर एकमेकांपासून कापलेलीसुद्धा नव्हती. दिवाळीच्या पुढचं या पोरीनं कधी शिकलंच नव्हतं. प्रत्येक इयत्ता तिला अर्धी येत होती. इंग्रजीत भूतकाळ यायचा. भविष्यकाळ दिवाळीनंतर शिकवायचे, तो यायचा नाही.

पण खो-खो! खो-खोत ती पळायला लागली की शाळेचा शिपाईसुद्धा घंटा द्यायची विसरायचा. एक गोष्ट मात्र खेळाच्या सरांना खटकायची. खो-खोत पळणारीला हूल द्यावी लागते. मान एकीकडं टाकायची, खांदा झुकवायचा आणि पाठलाग करणारी तिकडं वळली की आपण उलट्या बाजूनं निसटायचं. नंदाची मान हलतच नव्हती. अंग विजेसारखं, पण डोकं जागच्या जागी, जणू काही वर ठेवलंय. सर मैदानावरून ओरडायचे, "अगं मान सोड! मान सोड ना, घागर आहे का डोक्यावर?"

घागर नव्हती, मोळी होती. आठ-नऊ वर्षांची असल्यापासून आईच्या मागं ती छोट्या मोळ्या घेऊन फळी चढायची. फळीवर मान कलली की मोळी कलते, आणि मोळीमागं माणूस खाली. ती सवय हाडात गेली होती.

सर म्हणाले, सराव कर, कष्टानं सगळं होतं. तिनं केला. माझ्या स्वयंपाकघरात पिठाचं पिंप एका बाजूला, पाण्याचं पिंप दुसऱ्या बाजूला, हे तिचे खांब, आणि पाठलाग करायला मी. माझं वजन तेव्हा काही थोडं नव्हतं. ती म्हणायची, "मावशी, माझ्या तोंडाकडं बघा आन वळखा कुनीकडं जानार." मी बघायचे. तोंड दगडासारखं. मी डावीकडं धावले की ती उजवीकडं, उजवीकडं धावले की माझ्या पाठीमागं. तव्यावरची भाकरी कोळसा व्हायची. मान काही तिची सुटली नाही. पण एक दिवस दम खात मीच म्हटलं, "गो बाय, तू हूल देतच नाहीस, तर मी फसू कशानं आणि ओळखू कशानं?" ती हसली. सरांनीही मग काही दिवस मानेचा नाद सोडला. त्या मानेनं आमची शाळा तालुक्यात पहिली आली. समोरच्या पोरी तिच्या तोंडाकडं बघत राहायच्या आणि तोंड काहीच सांगायचं नाही.

नगरला जिल्ह्याचे सामने दिवाळीनंतर होते. दहावीची परीक्षा मार्चमध्ये. आणि दसऱ्याला नंदाची आई, कौसाबाई, दारात उभी.

"पोरीला न्यायला आलेय," ती म्हणाली. सासू गेली होती. धाकटी बायडी तीन वर्षांची, इतके दिवस आजीजवळ राहायची. आता तिला सांभाळायला कुणी नव्हतं.

रेक्टरबाई म्हणाल्या, "अहो, दहावीचं वर्ष आहे."

"ठावं हाय बाई. पन बायडीला फडात कुटं टाकू? मागल्या साली शेजारच्या कोपीतलं लेकरू पाचटात निजलं हुतं. ट्रॉली मागं घेतली..." पुढचं ती बोलली नाही. बायडी तिचा पदर धरून अंगठा चोखत उभी होती.

त्या बाईला दोष कसा देणार? शकूच्या आईलाही मी मनात दोष दिला होता, तो त्या क्षणी गळून पडला. या पोरी आळसानं मागं राहत नव्हत्या आणि आया दुष्टपणानं त्यांना नेत नव्हत्या. एक लेकरू सांभाळायला दोन हात हवे होते, एवढंच. मलाही त्याच पायी चौथीतून काढलं होतं.

मी म्हटलं, "बायडीला माझ्याकडं ठेवा."

रेक्टरबाईंनी माझ्याकडं पाहिलं. कौसाबाईला बाहेर बसवून त्यांनी मला आत घेतलं. "मावशी, पाचवीच्या खालचं मूल वसतिगृहात ठेवता येत नाही. उद्या तपासणीला साहेब आले तर अनुदान अडकेल. सगळ्या पोरी घरी जातील."

"माझ्या खोलीत ठेवते. माझ्या ताटातलं देते."

"खोली वसतिगृहाचीच आहे."

"मग मला काढा," मी म्हटलं. हे मीच बोलले यावर माझाच विश्वास बसला नाही. "काढा, बाई. पण उद्या सकाळी भाकऱ्या कोण थापणार ते आधी ठरवा. आणि शकू गेली तेव्हा मी गप्प बसले होते, या वेळी बसणार नाही."

बाहेर आले आणि चुलीपाशी बसले. नोकरी गेली तर खोली गेली, आणि खोली गेली तर, नवरा गाडीवर बाहेरच, या परमुलखात कुठं जायचं? त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं. पोरींनी तोंडं वाकडी केली, पण बोलली कुणी नाही, कारण एव्हाना सगळ्यांना सगळं कळलं होतं. कौसाबाई बायडीला ठेवून गेली. जाताना तिनं मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर घेऊनच गेली असती. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक छोटी स्टीलची ताटली होती. रेक्टरबाईंच्या घरची. मी तिच्यात बायडीला पहिली भाकरी वाढली.

बायडी माझ्या परातीशेजारी वाढली. पिठाचा गोळा घेऊन बसायची आणि चिमण्या करायची. साहेब एकदा आलेच. स्वयंपाकघरात डोकावले. "ही कोण?"

माझ्याआधी रेक्टरबाई म्हणाल्या, "मावशींची भाची. कोकणातून आलीय."

आणि बायडी खणखणीत आवाजात ओरडली, "मावशे, लई भूक लागली! भाकर दी की!"

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "कोकणात पण असंच बोलतात का हो?"

"इथलं पाणी लागलं, साहेब," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा वर सारला. मग, "तिला भाकरी द्या आधी," असं म्हणून पुढच्या खोलीकडं गेले.

नगरचे सामने आम्ही हरलो. समोरच्या संघातली एक पोरगी हुशार निघाली. ती नंदाच्या तोंडाकडं बघतच नव्हती, पावलांकडं बघत होती. दोनदा नंदा तिच्या हातात सापडली. परतीच्या एसटीत सर चिडून म्हणाले, "मी ओरडून ओरडून सांगत होतो, मान सोड." नंदा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सर, मान सोडली आस्ती तं मोळी पडली आस्ती." मी पोरींसाठी बांधून नेलेल्या दशम्या वाटायला लागले.

मग अभ्यास. नंदानं तो शकूच्याच जागी बसून केला, चुलीच्या उजेडात, मांडीवर झोपाळलेली बायडी. जून उजाडला, निकाल आला. सगळ्या विषयांत पास, इंग्रजीत नापास. ज्या मुलींच्या घरी शिकवणी होती, ज्यांनी वर्षभर आरशासमोर वेण्या घातल्या, त्यांचे पेढे आले. मी खाल्ले, पोरी चांगल्याच होत्या. पण सर शाळेच्या व्हरांड्यात म्हणाले, "नंदाचे कष्ट कमी पडले," तेव्हा मला राहवलं नाही.

"सर, कष्ट नाही कमी पडले. कष्ट सोडून बाकी सगळं कमी पडलं."

ते वाईट माणूस नव्हते. पण त्यांना ते वाक्य लागायचंच होतं आणि मला ते बोलायचंच होतं. कष्टानं यश मिळत असतं तर फळीवरून मोळ्या चढवणाऱ्या बाया आज साखर कारखान्याच्या चेअरमन असत्या. व्यासपीठावरून कुणी पोरींना सांगतं की मेहनत करा, फळ मिळेल, तेव्हा मला खाली बसलेली ती नापास झालेली पोरगी दिसते. तिनं काय समजायचं? आपण आळशी होतो? आपली आई आळशी होती? शकू आळशी होती?

पुढचं सांगते. ऑक्टोबरची परीक्षा होती. पण नंदा घरी गेली होती, टोळी परतली होती, आणि नापास पोरगी म्हणजे लग्नाला मोकळी, असाच रिवाज. मी रविवारची सुट्टी काढली आणि जीपमध्ये दाटीवाटीनं बसून त्यांच्या गावाला गेले. वाटेत मनात सगळं भाषण जुळवलं. कौसाबाईला कसं समजवायचं, काय उदाहरण द्यायचं, हात जोडायचे की रागवायचं. रागवायची वेळ आली तर जमेल का, याचीही धास्ती होती.

ती अंगणात बसून कोयत्याला पाणी लावून धार करत होती. नंदा आत, तोंडावर पदर ओढून पडलेली. बायडीनं मला पाहिलं आणि पायाला मिठी मारली. मी सुरुवात केली, "कौसाबाई, पोरगी नापास झाली ते खरं, पण..."

"बसा मावशी. आधी पानी प्या."

"तसं नाही, मी सांगते ते..."

"मला काय सांगताव?" तिनं कोयता बाजूला ठेवला. "मी आडानी हाय, पन ऊस मला कळतो. एकदा तोडला म्हंजी संपला व्हय? बुडखा राह्यतो, त्याला पानी दिलं की खोडवा येतो. तोडला म्हनून कुनी बुडखं उपटून टाकतं का?" आणि आत बघून मोठ्यानं ओरडली, "उठ गं! मावशी लांबून आली, च्या ठिव."

माझं सगळं भाषण वाया गेलं. चहा मात्र फार गोड होता.

निकाल आताच सांगून टाकते, म्हणजे त्यासाठी कुणी शेवटपर्यंत थांबायला नको. ऑक्टोबरात नंदा इंग्रजीत सुटली, काठावर. पुढं तिनं काय काय केलं ते मी लिहीत नाही. लिहिलं की सगळे म्हणतील, बघा, कष्टाचं फळ. फळ कसलं? शकूनंही तेवढंच पाणी घातलं होतं. फरक होता तो एका तीन वर्षांच्या पोरीला ठेवायला जागा मिळाली याचा, एका बाईनं ताटली आणून ठेवली आणि एका साहेबानं डोळ्यांवर कातडं ओढलं याचा. एवढ्या जणांनी नियम वाकवल्यावर एका पोरीचे कष्ट कामाला आले. नुसत्या कष्टांचं कौतुक करणाऱ्यांनी आधी ती ताटली आणावी.

त्या ऑक्टोबरच्या परीक्षेआधीचा एक दिवस तेवढा सांगायचा राहिला. परीक्षा आठवड्यावर आली होती आणि त्या साली टोळी लवकर निघत होती. नापास मुलीला वसतिगृहात जागा नसते, म्हणून नंदाला मी माझ्या खोलीत आणून ठेवलं होतं. रेक्टरबाईंनी विचारलं, "हीपण भाची का?" मी म्हटलं, "हो बाई, आमचं खटलं मोठं आहे." मला वाटत होतं, कौसाबाई जाताना नंदाला उचलणार. खोडव्याची गोष्ट वेगळी आणि ट्रक दारात उभा राहिल्यावरची गोष्ट वेगळी. सकाळपासून प्रत्येक गाडीच्या आवाजाला माझा हात थांबत होता.

ट्रक आला. वर भांडी, माणसं, शेरडं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. कौसाबाई उतरली आणि तरातरा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली. मी परातीवरून उठले.

तिनं कडेवरची बायडी खाली उतरवली आणि उंबऱ्याच्या आत ढकलली. "धरा, मावशी. औंदा मागायला लावू नका." बायडी धावत जाऊन पिठाच्या पिंपाला टेकून बसली, आपल्या जागेवर.

हॉर्न पुन्हा वाजला. कौसाबाई दोन पावलं गेली, मग वळली. आत कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेल्या नंदाकडं तिनं बघितलं नाही, माझ्याकडं बघून म्हणाली, "आन तिला म्हनावं, औंदा दिवाळीच्या फुडची पानं बी वाच."